अ‍ॅडमिनची सकाळ

आमच्या ठिबक कंपनीच्या ग्राहकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट मी तीन वर्षे सांभाळतो आहे. काल रात्री साडेअकराला एका सभासदांनी सुकलेल्या रोपांचा एकच फोटो सात वेळा टाकला, आणि मध्ये बोललेल्या दुसऱ्या शेतकऱ्याला ‘कंपनीचा चमचा’ म्हणत ते थेट त्याच्या घरादारावर घसरले. साहेबांचे म्हणणे होते की त्यांना सरळ काढून टाका, नाहीतर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील अशी सोय करून मोकळे व्हा; पण तसे केले की गट उरत नाही, जाहिरातीचा फलक उरतो. मी शिव्यांचे तीन मेसेज पुसले, फोटो मात्र ठेवला, कारण तक्रार पुसली की लोकांना आपण काहीतरी लपवतो आहोत असेच वाटते. (सामाईक हेतू नसेल तर सभासदाच्या मजकुराला अ‍ॅडमिन जबाबदार ठरत नाही, हा नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निर्णय साहेबांना समजावण्यात अर्धा तास गेला.)

मग त्या सभासदांना फोन लावला. ‘दादा, पाणी कुठवर पोचतंय?’ एवढेच विचारले. शेवटच्या ओळींचे ड्रीपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडे, क्षाराने बंद झाले होते आणि आमचा माणूस दोनदा तारीख देऊन गेलाच नव्हता. ही चूक आमची, असे मी गटावर लिहिले; त्या शेतकऱ्याची माफी मागितल्याशिवाय गटात राहता येणार नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगितले.

दुपारी माफी आली. सोबत तोच फोटो, आठव्यांदा.