तुम्ही विचारलंत म्हणून : गाडी सोबत होती, मग बसला का नाहीत?

आमच्या सायकल सहलीतल्या बीड ते तुळजापूर या दिवसाची हकिकत मी कुणालाही सांगितली, की ऐकणारा शेवटी एकच प्रश्न विचारतो : "गाडी सोबत होती ना? मग बसला का नाहीत?" नात्यातले विचारतात, महाविद्यालयातले सहकारी विचारतात, आणि परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझे तोंड उघडे असतानाच विचारले. आजवर मी "बसावेसे वाटले नाही" एवढे सांगून मोकळी होत आले आणि समोरच्याने त्याचा अर्थ जिद्द असा लावला, तर तो खोडून काढण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्यात माझा लबाडपणा होता. कारण त्या दिवशी दुपारी सव्वादोन वाजता मी गाडी मागितली होती, आणि चांगली रडवेल्या आवाजात मागितली होती.

आम्ही चौदा जण होतो, त्यांत पाच बायका. आठ दिवसांची फेरी ठरली होती : छत्रपती संभाजीनगरहून निघून बीड, तुळजापूर, लातूर, अंबाजोगाई, परळी, औंढा नागनाथ असे करत जालन्यावरून परत. सामान आणि थकलेली माणसे वाहायला एक छोटा हत्ती टेम्पो भाड्याने घेतला होता. दुसरा दिवस बीड ते तुळजापूर, अंतर सुमारे 135 किलोमीटर. कागदावर त्यात भिण्यासारखे काही नव्हते. आमच्यातला एक मुलगा ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, करणारा होता. त्या प्रकारात 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात, तेव्हा 135 म्हणजे त्याच्या हिशेबात दुपारच्या जेवणापर्यंतचे काम. मी सत्तेचाळीस वर्षांची, तीन वर्षांपासून सायकल चालवणारी आणि त्याआधी कधीही एका दिवसात 135 किलोमीटर न गेलेली. तरी मलाही ते जमण्यासारखे वाटत होते.

दिवस बिघडला तो रस्त्यावर नव्हे, बीडमध्ये आम्ही मुक्काम केलेल्या मंगल कार्यालयाच्या मागच्या मैदानात. आदल्या रात्री सायकली आत घेताना आम्ही त्या पुढच्या फरशीवरून न नेता मागच्या मोकळ्या जागेतून ढकलत नेल्या होत्या. पहाटे पाचला कुलपे काढली तेव्हा चार सायकली रिमवर बसलेल्या होत्या, आणि त्यांत माझी एक. मराठवाड्यात उघड्या रानात सायकल नेणाऱ्याला सराटा, म्हणजे जमिनीवर पसरणारे ते काटेरी फळांचे रोप, काय चीज आहे ते सांगावे लागत नाही. त्याच्या फळाची रचनाच अशी असते, की ते कसेही पडले तरी एक टोक वर राहते. ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधणे सोपे. टायरच्या आत मोडून राहिलेले टोक शोधणे हे खरे काम. त्यासाठी टायरच्या आतून बोटाचे पेर हळूहळू फिरवावे लागते आणि काटा सापडला हे बोटाला टोचले की कळते. माझ्या मागच्या टायरमध्ये असे तीन काटे निघाले. दोन मी नखाने उपटले. तिसरा इतका बारीक होता, की तो नेलकटरने चिमटीत धरून काढावा लागला आणि तेवढ्यात कुणीतरी दुसरीच दुरुस्त झालेली ट्यूब पुन्हा घमेल्यात बुडवून "हिच्यातून अजून हवा येते" असे जाहीर केले.

साडेपाचला निघायचे ते आम्ही सात चाळीसला निघालो. हे दोन तास दहा मिनिटे पुढे दिवसभर आमच्याकडून व्याजासकट वसूल झाली. फेब्रुवारीचा मध्य होता. पहाटे गारवा, हवा निपचित. बालाघाटाच्या पठारावर ऊन चढले, की जमीन तापते, आणि वरचा वारा खाली उतरू लागतो. त्यामुळे आमच्यासारख्यांनी जे काही करायचे ते नऊ-साडेनऊच्या आत उरकायचे असते. शिवाय या गडबडीत नाश्ता राहिला. मी दोन कप चहा आणि अर्धी बशी पोहे एवढ्यावर निघाले आणि ही गोष्ट त्या वेळी मला उल्लेख करण्याइतकी महत्त्वाची वाटली नव्हती.

मांजरसुंब्याच्या घाटाचे सगळ्यांनी आम्हाला भय घातले होते. प्रत्यक्षात घाट बरा गेला. पालीजवळ बिंदुसरेचे धरण मागे पडले, की चढ सुरू होतो. पण तो एकसारखा आहे, त्याला शेवट आहे, आणि चढावर वेग इतका कमी असतो की वाऱ्याचा प्रश्नच येत नाही. त्रास होता तो उसाच्या ट्रॅक्टरांचा. गाळपाचा हंगाम चालू, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतून खाली लोंबणारी वाढी, आणि ती शेजारून जाताना खांद्याला खरखरत घासून जाते.

खरी परीक्षा घाट संपल्यावर, पठारावर होती. आम्ही दक्षिणेला चाललो होतो आणि वारा आग्नेयेकडून, जवळजवळ समोरून येत होता. सायकलवर न बसणाऱ्याला हे समजावून सांगणे कठीण जाते, म्हणून हिशेबच मांडते. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शांत हवेत ताशी 15 किलोमीटरने जाताना जेवढा अडथळा असतो, तेवढ्याच वेगाने जाताना समोरून 15 चा वारा आला तर तो दुप्पट नव्हे, चौपट होतो. चढ दिसतो, त्यामुळे माणूस मनाची तयारी करतो. वारा दिसत नाही. सपाट रस्त्यावर आपला वेग दहावर का आला हे कळत नाही आणि आपण सगळा दोष आपल्या पायांना देतो.

यावर गटाचा उपाय असतो. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक हातभर अंतरावर लावायचे, म्हणजे वारा तो फोडतो आणि आपले कष्ट पाचव्या हिश्श्याने तरी वाचतात. पाच-सात मिनिटांनी पुढचा बाजूला होऊन मागे येतो, दुसरा पुढे जातो. चौसाळ्यापर्यंत आम्ही हे नीट केले. पण या व्यवस्थेची एक खोड आहे. रांगेतून कुणाचे चाक एकदा दहा-बारा हात मागे पडले, की त्याचा आडोसा संपतो. जो सर्वांत थकलेला म्हणून मागे पडला, त्यालाच आता पूर्ण वारा एकट्याने खावा लागतो आणि तो आणखी मागे पडतो. पुढच्यांना हे कळतही नाही, कारण मागे वळून पाहावे तर तोल जातो. मांजरा ओलांडून आम्ही धाराशिव जिल्ह्यात शिरलो, तेथे पुलाच्या थोडे पुढे पाणी पिण्यासाठी मी हात सोडला, आणि बाटली परत जागेवर लावेपर्यंत ती रांग माझ्या हातून गेली होती.

माझ्याबरोबर राहिले ते कंडक्टरकाका. एसटीतून निवृत्त झालेले, बासष्ट वर्षांचे, आणि गटाचे शेपूट राहण्याचे काम त्यांनी आपण होऊन मागून घेतलेले. सर्वांच्या मागे राहायचे, कुणालाही आपल्या मागे पडू द्यायचे नाही, हा त्यांचा एकमेव नियम. सायकलला त्यांनी जुन्या घडणीची पितळी घंटी लावली होती. थांबायचे असले की एकदा वाजवत, निघायचे असले की दोनदा. बोलणे फारसे नाही. त्या दिवशी ते माझ्या पुढे राहून वारा फोडू पाहत होते आणि मी त्यांच्याही चाकाला टिकत नव्हते.

तेरखेडा मागे पडले, फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्याही मागे पडल्या, आणि येरमाळ्याच्या अलीकडे एका मोरीच्या कठड्यावर मी सायकल आडवी टाकून बसले. चौपदरी रस्ता, सावली नाही. कठड्याचा दगड तापलेला. घाम येणे थांबले होते आणि बाहीवर मिठाची पांढरी नक्षी उठली होती. हातांना सूक्ष्म कंप सुटला होता. सर्वांत चमत्कारिक होते ते मनाचे : मला काकांचा, पुढे गेलेल्या अकरा जणांचा, घरी बसून ख्यालीखुशालीचे संदेश पाठवणाऱ्या नवऱ्याचा असा सरसकट राग आला होता. त्या क्षणी मी म्हटले, "काका, गाडी बोलवा. मी बसते."

आता तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर : गाडी सोबत नव्हती. आमच्यातल्या एकाला सकाळपासून उलट्या होत होत्या. त्याला घेऊन छोटा हत्ती धाराशिवला दवाखान्यात गेला होता. काकांनी फोन लावला. ड्रायव्हर म्हणाला, सलाईन चालू आहे, तास-सव्वा तास लागेल. काकांनी फोन खिशात ठेवला आणि मला एवढेच म्हणाले, "गाडी लेट आहे. तवर खाऊन घ्या."

खायला काही उरले नव्हते. पण रस्त्याला लागून एका वावरात ज्वारीची काढणी चालू होती, आणि बाभळीखाली माणसे जेवायला बसली होती. काका कठड्यावरून उतरून तिकडे गेले. परत आले ते एका आजींना घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिले, सायकलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगं बया, तोंड कसं झालंय लेकराचं. चल उठ, सावलीत चल." सत्तेचाळीसाव्या वर्षी लेकरू म्हटल्याने मला भडभडून आले, त्याचेही कारण बहुधा रक्तातली साखर हेच असावे.

त्यांनी आधी गुळाचा खडा आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे हातावर ठेवले. मग ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची झणझणीत चटणी, वाटीभर दही, आणि दह्यात माझ्या देखत चिमूटभर नव्हे, चांगले चमचाभर मीठ. पुढे मी याविषयी वाचले तेव्हा त्या आजींचा उपचार किती नेमका होता ते कळले. शरीरात साखरेचा साठा जेमतेम 400 ते 500 ग्रॅम असतो आणि दोन-तीन तासांच्या जोरकस श्रमात तो तळाला जातो. घामाबरोबर मीठ जाते, आणि वरून नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम आणखी पातळ होते. मी सकाळपासून पाच बाटल्या साधे पाणी पिऊन स्वतःची पाठ थोपटून घेत होते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही जलसंजीवनीची कृती मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना सांगते. हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

खाऊन मी बाभळीखाली पेंढ्यांना टेकून पडले आणि वीस मिनिटे मेल्यासारखी झोपले. उठले तेव्हा राग गेला होता. कुठे गेला, ठाऊक नाही. नवरा पुन्हा चांगला माणूस वाटू लागला होता. आजींना पैसे देऊ केले तर त्या भडकल्या. "देवीला चाललाव ना? मग कसलं पैसं?" आम्ही देवीला नव्हे, सहलीला चाललो होतो, पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

साडेतीनला काकांनी घंटी दोनदा वाजवली. येरमाळ्यात येडेश्वरीला रस्त्यावरूनच हात जोडले. येडशीच्या अलीकडे समोरून छोटा हत्ती आला, वळून आमच्या शेजारी थांबला, आणि ड्रायव्हरने मागचा फाळका खाली पाडला. आता गाडी होती. आणि मी बसले नाही, हेही खरे. त्याचे कारण सांगते, आणि ते ऐकून तुमचा थोडा हिरमोड होईल. पुढच्या सीटवर तो आजारी मुलगा मान टाकून झोपला होता. मागे बॅगा, दोन सायकली आणि उन्हात काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास. शिवाय वारा पडला होता. पाच वाजून गेले होते, ऊन उतरले होते, आणि सकाळी ज्या हवेत निघायचे ठरले होते, तशीच हवा आता पुन्हा लागली होती. सकाळी सराट्याने हिरावलेले दोन तास दिवसाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी परत करावेत तसे झाले. मी काकांकडे पाहिले. मी बसले असते, तर शेपटाला ते एकटेच राहिले असते. हे मात्र मनात आले होते.

धाराशिवपुढचे वीस-बावीस किलोमीटर आम्ही अंधारात गेलो. त्या रस्त्यावर रात्री भीती असते ती मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांची, आणि मागून येणाऱ्याला आपण न दिसण्याची. छोटा हत्ती इंडिकेटर लुकलुकवत आमच्या मागे पंधरा पावलांवर चालला होता, आणि त्याच्या उजेडात माझी सावली माझ्या पुढे लांबच लांब पडून पायडल मारत होती. पावणेनऊला तुळजापूर आले. बाकीचे जेवून झोपायच्या तयारीत होते. ब्रेव्हेवाल्या मुलाने माझी सायकल धरली आणि न बोलता तिची साखळी पुसायला बसला.

सहाव्या दिवशी परभणीच्या पुढे मी गाडीत बसले, तेही सांगून टाकते. गुडघा दुखत होता, गाडी सोबत होती, जागा रिकामी होती. चाळीस किलोमीटर खिडकीशी बसून पेरू खात गेले. त्याविषयी मात्र मला आजवर कुणी काही विचारलेले नाही.

तुळजाभवानीचे दर्शन आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे घेतले. हे देऊळ चढून जायचे नाही, महाद्वारातून खाली उतरून जायचे आहे, आणि आदल्या दिवसाच्या मांड्यांना उतरणे हे चढण्याहून शतपटीने कठीण. मी कठड्याला धरून, खेकड्यासारखी आडवी, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरत होते. परडी घेऊन बसलेल्या एका आराधी बाईने ते पाहून विचारले, "नवस व्हता का, ताई? चालत आलाव?"

"नाही," मी म्हटले, "सायकलवर. बीडहून."

तिने परडीतला भंडारा चिमटीत घेऊन माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "आन् मग गाडी नव्हती का?"