लूप अँटेनासाठी तांब्याची नळी: माझा अनुभव

सोसायटीला गच्चीवर तार नको, म्हणून बाल्कनीत मावेल असा एक मीटर व्यासाचा मॅग्नेटिक लूप (एका वेढ्याचा गोल अँटेना), हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी, सुमारे ७ मेगाहर्ट्झला. कोॲक्स (रेडिओपासूनची केबल), कपलिंग लूप (मोठ्या लूपला पॉवर देणारं छोटं कडं), स्टँड यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. डोकं फिरलं ते तांब्यापायी.

आधी हिशेब. ७ मेगाहर्ट्‌झला बहुतेक सगळा प्रवाह तांब्याच्या वरच्या जेमतेम २५ मायक्रॉनच्या थरातून वाहतो; आतलं तांबं नुसतं वजन. म्हणून भरीव सळई नको, नळीच घ्या, आणि बाहेरचा व्यास बघून घ्या. एवढ्या लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स (हवेत जाणाऱ्या पॉवरचा रोध) फक्त ६ मिलिओहम. तांब्यातल्या तोट्याचा रोध मात्र २.५ चौरस मिमीच्या वायरीत ४०० च्या आसपास, अर्ध्या इंची नळीत ५५, पाच सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) नळीत ४४, सात सुतीत ३१. म्हणजे वायरीने दीड टक्का पॉवर हवेत जाते, पाच सुतीने १२, सात सुतीने १६ टक्के.

आता दुकान. एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "किती टनाचा?" एसी नाहीच म्हटलं की बोलणं तिथेच खुंटतं. लूपला लागते सव्वातीन मीटर नळी, आणि समोरून उत्तर येतं, "कॉइल फुटत नाही, साहेब. १५ मीटर घ्यावी लागेल." नाहीतर "उद्या या, माल येतोय." तो माल काही येत नाही. वर फुकटचा सल्ला: "जाड घ्या, करंट जास्त जाईल." अजिबात नाही! ०.८ मिमीची भिंतसुद्धा २५ मायक्रॉनच्या तीसपट आहे. १ मिमीच्या भिंतीने फक्त बिल वाढतं, कारण माल किलोवर विकतात. पाच सुती नळी ०.८ मिमी भिंतीची असेल तर मीटरला ३४० ग्रॅम भरते, १ मिमीची ४२० ग्रॅम. वजनकाटा समोर असतोच, तुकडा त्यावर ठेवायला लावा.

"९९.९ टक्के शुद्ध" या बोलण्यालाही भुलू नका. ते खोटं नसतं, पण एसीच्या नळीत मुद्दाम किंचित फॉस्फरस घातलेला असतो आणि तेवढ्याने कंडक्टिव्हिटी विजेच्या तांब्याच्या ८५ टक्क्यांवर येते. आरएफला (रेडिओच्या वारंवारतेला) तोटा त्यामुळे आठ-नऊ टक्के वाढतो. चालतंय. चालत नाही ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम: सोल्डर नीट धरत नाही, सांध्यावर गंजतं. कापलेली कड कानशीने घासा, पांढरी दिसली तर परत करा.

मार्ग दुकानात नव्हताच, तो एसी बसवणाऱ्या फिटरकडे निघाला. दोन टनी स्प्लिटची सक्शन नळी बहुधा पाच सुती असते आणि कामाचे उरलेले तुकडे तो वजनावर देतो. तुकडा अखंड सव्वातीन मीटरचा हवा; मधे जोड नको.

सात सुती नळी बऱ्याचदा कडक आणि सरळ मिळते. तिचा अष्टकोन करायचा तर आठ एल्बो आणि पंधरा-सोळा सांधे आले. इतकी उरस्फोड कशासाठी, तर जेमतेम सव्वा डेसिबलसाठी. मऊ पाच सुती बारीक वाळू ठासून भरली की हाताने, न चेपता वळते.

नळी मिळाली की कंडेन्सरच्या (एसीचा नव्हे, लूपची टोकं जोडून तो ट्यून करणारा) जोडाकडे बघा. १० वॉटला लूपमध्ये १४ अँपिअर वाहतात, गँगवर (फिरवून बदलता येणाऱ्या कंडेन्सरवर) दोन हजारांहून जास्त व्होल्ट येतात. जुन्या रेडिओचा गँग असेल तर ५ वॉटच्या वर जाऊ नका. त्याचे दोन्ही सेक्शन सिरीजमध्ये घ्या, जोड फक्त स्टेटरना (स्थिर पात्यांना) द्या. रोटरची (फिरत्या पात्यांची) घासणारी पत्ती प्रवाहाच्या वाटेतून निघून जाते. नळीची टोकं चेपून रुंद तांबपट्टीला ६०/४० सोल्डरने जोडा. इथे ६० वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, गॅसची बत्ती लागते. स्क्रू, निकेलचं वॉशर नकोच. पितळाचा तोटा तांब्याच्या जवळजवळ दुप्पट.

नॅनो व्हीएनएवर (अँटेना मोजण्याचं छोटं यंत्र) एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) २.६ च्या दोन बिंदूंमधलं अंतर बघा. ते ३ किलोहर्ट्‌झच्या थोडं वर असावं. ८ दिसलं तर "बँडविड्थ छान आली" म्हणून खूश होऊ नका, तोटा वाढलाय, एखादा सांधा कच्चा आहे.

चांदीच्या मुलाम्याने तोटा तीनेक टक्के कमी होतो. ते पैसे चांगल्या कंडेन्सरला घाला. पावसाळ्याआधी नळी घासून पारदर्शक लॅकर मारा, सोल्डरिंग झाल्यावर.