एका आडव्या रेघेपायी

आमचं आडनाव काळे. जपानीत 'ळ' नाही, 'ल'सुद्धा नाही, त्यामुळे तोक्योला आल्यापासून मी 'कारे' आहे. परकी नावं ज्या जपानी लिपीत लिहितात त्या काताकानात ते लिहिताना 'का'पुढे एक आडवी रेघ द्यावी लागते. ती राहिली तर शब्दाचा अर्थ होतो 'तो'. आणि चुकून 'रे'च्या पुढे पडली तर होते करी, भातावर ओतून खायची. भारतीय बाई आणि आडनाव करी! इतकी वर्षं मी या विनोदावर हसत आले. २०२२च्या एप्रिलमधल्या त्या शनिवारपासून हसणं बंद केलं.

झालं असं की आमचे चिरंजीव तेव्हा दुसरीत होते, आणि तोक्योतल्या उएनोच्या राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयात 'पोकेमॉन जीवाश्म संग्रहालय' नावाचं प्रदर्शन भरलं होतं. २०२१मध्ये होक्काइदोतल्या मिकासा गावात ते सुरू झालं आणि फिरत फिरत तोक्योला आलं. इथे मुक्काम १५ मार्च ते १९ जून. पोकेमॉनच्या खेळात काही प्राणी दगडातून मिळतात. जीवाश्म सापडतो, तो प्रयोगशाळेत द्यायचा आणि ते जिवंत करून देतात. असे प्राणी आणि त्यांच्याशी मिळतेजुळते खरे, नामशेष झालेले प्राणी शेजारी शेजारी मांडायचे, अशी कल्पना. वेगळं तिकीटही नाही, नेहमीच्या ६३० येनमध्येच सगळं. मुलांना फुकट.

फक्त दिवस आणि वेळ आधी राखून ठेवायची. इथे पहिली चूक मी केली. 'फुकटाला कसलं आरक्षण' म्हणून साइटवरच्या टोपलीत फक्त आम्हा दोघांचीच तिकिटं टाकली. फुकट असलं तरी मुलाचा नंबर घ्यावाच लागत होता. हे कळून मागे जाईपर्यंत त्या वेळेच्या चौकोनातला गोल जाऊन तिथे त्रिकोण आला होता. जपानी आरक्षणात गोल म्हणजे जागा आहेत, त्रिकोण म्हणजे थोड्याच, फुली म्हणजे विषय संपला. शनिवार-रविवार बघता बघता फुल्यांनी भरले. (साधा वार परवडत असेल तर शाळेची वेळ धरा, गोलच गोल दिसतील. आम्हाला कुठलं परवडायला?)

शेवटी मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारचा त्रिकोण सापडला. नाव भरलं, फोन नंबर भरला, 'पुढे' दाबलं. लाल अक्षरं: नाव 'झेनकाकु काताकाना'त लिहा. म्हणजे पूर्ण रुंदीच्या अक्षरांत. अहो, तसंच लिहिलंय! पुन्हा. लाल. बँकेच्या पासबुकावरून एकेक अक्षर पडताळून लिहिलं. लाल. आडनाव आणि नावाच्या खिडक्या उलट्या तर नाहीत? उलटून पाहिलं, लाल. नवऱ्याचं नाव घालून पाहिलं. आडनाव तेच, लाल. मग वीस मिनिटं संपली म्हणून साइटने आपणहून बाहेर काढलं आणि पुन्हा रांगेत उभं केलं. पडद्यावर एक बाहुली कमरेत वाकून माफी मागत होती. त्या बाहुलीला मी मराठीत काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिकीट विकणाऱ्या त्या साइटला माझं एवढंच म्हणणं आहे: चूक कुठे आहे ते सांगा ना! कुठलं अक्षर? पहिलं की तिसरं? 'नियमानुसार लिहा' हे उत्तर मला आमच्या तहसील कचेरीतही मिळत होतं, त्यासाठी तोक्योला यायची गरज नव्हती.

अकरा वाजता सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे साडेसात, त्यांची पूजा चाललेली. माझ्या डोळ्यांत पाणी बघून त्या घाबरल्याच. "अगं, बरं आहे ना सगळं?" मी फोन मुलाच्या हातात दिला. तो बोलता बोलता माझ्या लॅपटॉपकडे बघत होता. मध्येच म्हणाला, "आई, ही नोबाशिबो नाहीये. ही तर हायफन आहे."

नोबाशिबो म्हणजे स्वर लांबवायची काठी. पहिलीतच शिकवतात. जपानी कीबोर्डवर दोन्हींची कळ एकच, शून्याच्या शेजारची. टायपिंग काना अक्षरांत असेल तर काठी उमटते, रोमनमध्ये असेल तर हायफन. माझ्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच. मी 'का' आणि 'रे' कुठून तरी चिकटवून मधली रेघ रोमनमध्ये ठेवत होते, दर वेळी, तास-सव्वा तास. त्याने एक बोट दाबलं. पान पुढे गेलं.

पैसे भरतानाही अडले, पण ते थोडक्यात: भारतातल्या बँकेचं कार्ड देऊ नका, ओटीपी खणात पडलेल्या जुन्या सिमवर जातो. मी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या यंत्रात नंबर टाकून रोख भरले. आणि हो, तुमचं नाव काताकानात बरोबर लिहून फोनच्या नोंदवहीत ठेवा. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

प्रदर्शन? उत्तम. दारातच जीवाश्म खणणारा पिकाचू. गाचिगोरासु नावाच्या पोकेमॉनचा अख्खा काल्पनिक सांगाडा टी-रेक्सशी ताडून बघायला ठेवलेला. मला स्वतःला आनोपुसु हा पोकेमॉन आणि अॅनोमॅलोकॅरिस हा खरा, नामशेष झालेला समुद्री प्राणी, ही जोडी आवडली. अॅनोमॅलोकॅरिसची पुढची सोंड शास्त्रज्ञांना आधी कोळंबी वाटली होती आणि तोंड म्हणे जेलीफिश. हे तुकडे एकाच प्राण्याचे हे १९८५मध्ये नीट मांडलं गेलं. एक आडवी रेघ न ओळखणाऱ्या बाईला तेवढाच दिलासा. निघण्याआधी दुसऱ्या इमारतीच्या तळघरात जाच, तिथला टी-रेक्स दबा धरून चक्क खाली बसलाय.

मुलगा मात्र ओमुनाइतोपाशी खिळला. वेटोळ्या शंखाचा निळा पोकेमॉन, शेजारी तसेच शंख असलेले खरे समुद्री प्राणी, अॅमोनाइट. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरांबरोबर गेलेले. एका तासाभरात तो तीनदा तिथे परत गेला आणि काही बोलला नाही.

घरी आल्यावर त्याने स्वतःच आजीला फोन लावला. "आजी, तुझ्या ताम्हनातला तो काळा दगड दाखव. गोल गोल असलेला." सासूबाईंनी शाळिग्राम कॅमेऱ्यासमोर धरला. गंडकी नदीतला, त्यांच्या सासूबाईंचा, एका बाजूला फुटून आतली वेटोळी दिसणारा.

"हा ओमुनाइतो आहे," तो म्हणाला.

"हा विष्णू आहे, बाळा."

"पण आधी ओमुनाइतो होता. मी आज बघून आलो."

सासूबाईंनी शाळिग्राम पुसून जागेवर ठेवला आणि विचारलं, "तिकीट केवढ्याला पडलं?"

"माझं फुकट."

"मग तुझी आई त्या दिवशी रडत कशाला होती?"