टायगरफिश, मामा आणि संपलेलं पावतीपुस्तक

झांबेझी नदीवर टायगरफिश हा दातेरी शिकारी मासा धरायला जाणार असाल तर मासेमारीचा परवाना आठवडाभर आधी स्वतःच्या हातात घ्या. बोटवाला फोनवर "होऊन जाईल" म्हणाला तरीही. आम्ही त्याच्या भरवशावर राहिलो आणि अख्खा शुक्रवार लाकडी बाकावर गेला.

मी सहा वर्षं झांबियाच्या राजधानीत, लुसाकात आहे. कोल्हापूरहून मामा आले होते, त्यांचं परतीचं विमान मंगळवारी. पंचगंगेत मरळ धरायला मला त्यांनीच शिकवलं, म्हणून टायगरफिश त्यांना दाखवायचाच होता. पण विणीच्या हंगामासाठी इथे 1 डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते आणि त्या दिवशी तारीख होती 28 नोव्हेंबर. हातात फक्त शनिवार-रविवार.

घाट उतरून 9 वाजता नदीकाठी पोचलो, तर परवाना काढलेलाच नाही. तसेच बोमात गेलो. सरकारी कचेऱ्यांच्या आवाराला इथे बोमा म्हणतात. अर्ज दहा मिनिटांत भरून झाले, पैसे मोजून टेबलावर ठेवले. कचेरीतल्या बाईंनी ड्रॉवरमधून पावतीपुस्तक काढलं. आत निळ्या कार्बन प्रती तेवढ्या शिल्लक, कोरं पान एकही नाही. नवं पुस्तक दुसऱ्या ऑफिसातून यायचं होतं. पावतीशिवाय पैसे घेता येत नाहीत आणि पैसे भरल्याशिवाय परवाना नाही.

11 वाजता विचारलं, "निघालंय." 1 वाजता विचारलं, जेवणाची सुट्टी. वीज गेलेली, पंखा बंद, बाहेर पारा 40 च्या वर. 2 वाजता माझा आवाज चढला. मामांनी दंडाला धरून मला बाहेर आणलं. "अरे, पुस्तक काय ती बाई घरी छापते? आल्यापासून तिला साधं कशा आहात म्हणालास का?"

नव्हतो म्हणालो. इथे आधी विचारपूस, मग काम. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि घाईत मी तेच सोडलं होतं. मामा माझ्याकडून "मुली ब्वांजी", म्हणजे "कशा आहात", घोकून घेऊन आत गेले, छातीपाशी हात जोडून म्हणाले. बाई हसल्या, स्वतःच्या मोबाइलवरून तीन फोन लावले. 4 वाजता मोटरसायकलवरून पुस्तक आलं, पोराच्या शर्टात खोचलेलं. मामांचं आडनाव बाईंनी एकेक अक्षर विचारून लिहिलं. शिक्का बसला तेव्हा माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

पावतीचा फोटो काढून ठेवा. बोटीत कागद भिजतो.

शनिवारी पहाटे पाण्यात होतो. गळाच्या वर पोलादी तार हवीच, नायलॉन हा मासा एका चाव्यात तोडतो. तोंड मिटलं तरी दात बाहेर दिसतात, वरचे खालच्यांच्या फटीत बसलेले. जबडा नुसतं हाड, त्यामुळे गळ रुतत नाही. मासा पाण्याबाहेर झेपावून डोकं झटकतो की सुटला. माझे तीन असेच गेले. मामांनी मरळीच्या सवयीनं दोर जराही सैल पडू दिला नाही आणि चौथा बोटीशी आणला. चारेक किलोचा, चंदेरी अंगावर काळ्या आडव्या रेघा, शेपटी शेंदरी. गळ पकडीनंच काढा, बोटं लांब ठेवा. दक्षिण आफ्रिकेत या जातीचे मासे पाण्यावरून उडणाऱ्या पाकोळ्या झेप घेऊन गिळताना शास्त्रज्ञांनी नोंदवलेत. ते दात पाहिल्यावर नवल वाटत नाही.

जमलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरातच जा. पाणी नितळ असतं आणि बंदीची तलवार डोक्यावर नसते.

मामांनी मासा पाण्यात धरून ठेवला, कल्ले नीट हलायला लागेपर्यंत. मग सोडला. परतताना त्यांनी बोट बोमाकडे लावायला सांगितली, बाईंना फोटो दाखवायला. शनिवार होता, कचेरी बंद. लुसाकाला जाईपर्यंत त्यांना त्याची चुटपुट लागून राहिली.