सेट झालं का?

आमच्या घरी हल्ली दही लागत नाही, सेट होतं. केस बसत नाहीत, सेट होतात. भाच्याला पुण्यात नोकरी लागली तेव्हा काकू म्हणाल्या, "झाला बाई एकदाचा सेट!" एवढ्याशा शब्दात पगार, वन बीएचके आणि येऊ घातलेली स्थळं, सगळं आलं.

इंग्रजीतही हा शब्द भलताच उपद्व्यापी आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत त्याच्या ४३० छटा दिल्या होत्या. टेनिसमधला सेट एरवी सहा-सात गेम जिंकले की आटपतो. पण २०१० च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू यांचा शेवटचा सेट ७०-६८ वर संपला!

मला सगळ्यात आवडतो तो गवंड्याचा सेट. साध्या सिमेंटला सेट व्हायला सुरुवात अर्ध्या तासाच्या आत होता कामा नये आणि दहा तासांच्या आत ते पुरतं सेट झालं पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. पण आमच्या स्लॅबवर अंगठा दाबून बघणारा मिस्त्री मानक वाचत नव्हता. "सेट झालाय, पण ताकद नाय आली अजून. पाणी मारत ऱ्हावा," म्हणाला. काकूंच्या कानावर हे घालायला हवं होतं.

प्राध्यापकीच्या वाटेवरच्या पोरांची तर वेगळीच तऱ्हा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ 'सेट' ही पात्रता परीक्षा घेतं. ती पास होऊन वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारे कितीतरी आहेत. म्हणजे सेट झालेत, पण सेट नाहीत.

खरं तर आपल्याकडे 'बसणं' होतंच की. हात बसतो, घडी बसते, धंद्यात जम बसतो. आणि धंदाच बसला तर दिवाळं! 'सेट' हेही मुळात इंग्रजी 'सिट'चं प्रयोजक रूप, म्हणजे बसवणंच. त्याचं मूळ आपल्या 'सद्' धातूशी जुळतं, त्या नात्यानं 'सेट' आणि 'संसद' लांबचे भाऊबंद लागतात.

मराठी माणसानं त्यात स्वतःची भर घातली ती 'सेटिंग'ची. "त्या दोघांची सेटिंग आहे," असं कोणी म्हणालं की ऐकणाऱ्यानं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं. डोळा मिचकावला तर प्रेमप्रकरण, आवाज खाली आला तर टेंडर.