आयबॅन असलेलं बिल

द्राक्षाच्या सीझनमध्ये पिंपळगाव पट्ट्यातल्या निर्यातदाराचा सकाळी सकाळी फोन आला, की पॅकहाऊसचं नेट तरी गेलेलं असतं किंवा लेबलचा प्रिंटर तरी अडलेला असतो. त्या दिवशी शेठ एवढंच म्हणाले, "भाऊ, हॉलंडवाला म्हणतो पैसे पाठवले. आमच्याकडे आलेच नाहीत."

मेलमध्ये चोर घुसून त्यानं बिलावरचं बँक खातं बदललं असणार, असा माझा अंदाज होता. म्हणून मी त्यांना आधी हॉलंडला फोन करायला लावला, आणि तोही जुन्या व्हिजिटिंग कार्डावरच्या नंबरवर. मेलच्या खाली छापलेला नंबर अशा वेळी चोराचाही असू शकतो. गिऱ्हाइकानं आपल्या बँकेकडे रक्कम परत मागवायची होती आणि तिकडच्या पोलिसांत तक्रार द्यायची होती. आपल्याकडची १९३० ही हेल्पलाइन भारतातल्या बँकेतून पैसे गेले तर फार उपयोगाची, तासाभरात फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. इथे मात्र पैसे युरोपातून युरोपातच गेले होते. तक्रार नोंदवलीच, पण खरी धाव गिऱ्हाइकाच्या बँकेलाच घ्यावी लागणार होती.

मी नाशिकहून पोहोचेपर्यंत त्यांच्या कॉम्प्युटरवाल्यानं सगळ्या मशीनवर अँटिव्हायरस फिरवला होता, पासवर्ड बदलला होता आणि "आता क्लीन आहे" असं सांगून तो निघूनही गेला होता. आमच्या धंद्यातल्या या सवयीचा मला मनापासून राग येतो. व्हायरस नव्हताच, मग तो सापडणार कुठून?

मी मेलबॉक्सचे नियम उघडले. एक नियम होता, त्याला नाव म्हणून फक्त एक टिंब दिलेलं. गिऱ्हाइकाच्या डोमेनवरून आलेला प्रत्येक मेल 'वाचलेला' करायचा आणि 'आरएसएस फीड्स' या फोल्डरमध्ये टाकायचा, एवढंच त्याचं काम. हे फोल्डर कोणी उघडत नाही. आत हॉलंडचे सगळे मेल रांगेत पडले होते. त्यांतल्या एकात गिऱ्हाइकानं सरळ विचारलं होतं, तुमचं बँक खातं खरंच बदललं का? त्याला उत्तरही गेलं होतं, शेठच्याच मेलवरून, शेठच्याच पद्धतीनं, खाली नेहमीच्या शुभेच्छांसकट. पासवर्ड बदलून हा नियम जात नाही. ओटीपीसाठी चोरानं स्वतःचा मोबाइल जोडून ठेवला होता, तोही जात नाही. दोन्ही हातानं काढावे लागतात आणि सगळीकडचं लॉगिन तोडावं लागतं. ते मी तिथे बसून केलं, पण आधी प्रत्येक गोष्टीचे स्क्रीनशॉट घेऊन. पुरावा पुसला की नंतर कोणी काही ऐकत नाही.

हॉलंडवाल्याच्या सिस्टिमनं हा मेल का अडवला नाही? कारण तो खऱ्या खात्यातूनच गेला होता. मेल खरंच त्या डोमेनवरून आला का हे बघणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही तपासण्या पास.

आता चोरानं त्या मेलसोबत पाठवलेलं बिल. लोगो, सही, कंटेनर नंबर, बीएलचा, म्हणजे जहाजावर माल चढल्याच्या कागदाचा नंबर, सगळं बरोबर. फक्त बँकेच्या चौकटीत आयबॅन होता, म्हणजे युरोपात वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक. भारतातल्या खात्याला आयबॅन नसतोच! आपल्याकडे खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड. पिंपळगावच्या माणसाच्या बिलावर आयबॅन दिसला, तिथेच थांबायला हवं होतं. युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना खात्याचं नाव जुळवून दाखवणं ९ ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक झालं. हे प्रकरण त्याआधीचं.

शेठचा प्रश्न रास्त होता, "ओटीपी चालू होता ना, मग घुसला कसा?" लोडिंगच्या गडबडीत त्यांच्या सीएचएकडून, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटकडून एक मेल आला होता, शिपिंगची कागदपत्रं बघा म्हणून. मेल खराच सीएचएच्या खात्यातून आला होता, कारण आधी ते खातं फुटलं होतं. लिंकवर हुबेहूब लॉगिनचं पान. असं पान मधल्या दलालासारखं बसतं. तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि ओटीपी त्याच क्षणी खऱ्या साइटला देतं आणि उघडलेलं सेशन, म्हणजे चालू लॉगिन, स्वतःकडे ठेवतं. 'अनोळखी मेल उघडू नका' असं शिकवणाऱ्यांनी इथे काय सांगायचं? मेल तर रोज बोलणाऱ्या माणसाचा होता. अशा पानाला पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्येच साठवलेली लॉगिनची चावी) किंवा यूएसबीची सिक्युरिटी की दाद देत नाही, कारण ती साइटचा पत्ता स्वतः तपासते. त्याच आठवड्यात मी ती शेठच्या आणि अकाउंटच्या खात्यांना लावली.

सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे. कळवलं. पण त्यांच्या स्वस्त मेल प्लॅनमध्ये तेवढ्या मागचे लॉगच नव्हते. त्यामुळे चोर नेमका कधीपासून वाचत होता, हे कागदावर सिद्ध होत नाही आणि दोन्ही बाजूंचे वकील तेवढंच धरून बसलेत. गिऱ्हाईक म्हणतं, आम्ही दिले. शेठ म्हणतात, आम्हाला मिळाले नाहीत. दिंडोरीच्या बागाईतदारांचे पैसे मात्र शेठनी कर्ज काढून चुकवले. त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

मला वेगळीच गोष्ट सुटत नाही. मी निघताना डॉक्युमेंटेशन बघणारी मुलगी पार्किंगपर्यंत आली. म्हणाली, "सर, मी आधीच बोलले होते. हॉलंडचे मेल अचानक बंद झाले म्हणून."

"कोणाला?"

"मॅनेजर सरांना. ते म्हणाले, तिकडे सुट्ट्या असतील. मी फोन करू का विचारलं, तर म्हणाले, गिऱ्हाइकाशी शेठ बोलतात, तू नाही."

ज्या कंपनीत दरवर्षी अँटिव्हायरसचं बिल न चुकता भरलं जातं, तिथे हल्ला खरं तर पकडला गेला होता. पैसे जायच्या आधी, विशीतल्या मुलीकडून, कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय. माझ्या अहवालात मी पहिली शिफारस हीच लिहिली: गिऱ्हाइकाचा मेल थांबला किंवा खात्याचा विषय निघाला, की तिनं कोणाला न विचारता थेट फोन करायचा, आणि तसं लेखी पत्र शेठनी तिला द्यायचं.

सिक्युरिटी कीचं बिल शेठनी लगेच मंजूर केलं. पत्राबद्दल दोनदा आठवण केली. "मॅनेजरला वाईट वाटेल, भाऊ," म्हणतात.