मुलींचं असतंच, म्हणून गेलेले आठ महिने

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझी ३००० मीटरची वेळ ११ मिनिटं ४० सेकंदांवरून १२:५० वर गेली. वय १७. आठवड्यातून सहा दिवस शिवाजी पार्कला सराव, रविवारी वरळी सी-फेसपर्यंत लांब पळणं. सगळं तेच, तरी तिसऱ्या फेरीलाच पाय उचलेनात. दादर स्टेशनचा जिना चढला की छातीत धडधडायचं. सर म्हणाले, "तुझं मन लागत नाहीये." मला ते पटलं आणि मी सराव आणखी वाढवला. त्याचं आजही वाईट वाटतं.

त्याच दिवसांत मला कच्चे तांदूळ खायची सवय लागली. डब्यात हात घालायचा, मूठभर काढायचे आणि अभ्यास करता करता कुडूमकुडूम चावत बसायचं. आजी ओरडायची, "लग्नात पाऊस पडेल गं!" लोह कमी झालं की अशा न खायच्या वस्तू खाव्याशा वाटतात, कुणाला बर्फ, कुणाला माती, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आईने जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन ११.६. "मुलींचं असतंच एवढं. बीट, पालक खा." मी बीट खाल्लं आणि पळत राहिले. खरं तर माझ्या वयाच्या मुलीचं १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमियाच, म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया आढळला होता. इतक्या जणींना आहे म्हणून ते चालवून घ्यायचं, याचा मला फार राग येतो.

आणखी पाच महिने गेले. मग एका सीनियर ताईने खेळाडूंच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग पांढुरका होता. मग प्रश्न सुरू झाले. पाळी किती दिवस? सात. दिवसाला किती पॅड? चहा कधी? सकाळी पोळीबरोबर आणि संध्याकाळी पुन्हा. पळून आल्यावर काय खातेस? बऱ्याचदा काहीच नाही. इतकं बारकाईने मला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

तपासण्या तीन झाल्या: सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, आणि थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष) नाही ना हे बघायला एचबी ए२ ही हिमोग्लोबिनची तपासणी. ताप असताना किंवा जोरदार सरावानंतर लगेच फेरिटिन करायचं नाही, आकडा फुगून येतो, म्हणून दोन दिवस विश्रांती घेऊन गेले. हिमोग्लोबिन १०.२, फेरिटिन ५. आधी लोहाचा साठा संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. पाळी, घाम, जमिनीवर पाय आपटून फुटणाऱ्या तांबड्या पेशी, सगळीकडून थोडं थोडं लोह जातं. शिवाय दमवणाऱ्या सरावानंतर काही तास आतडं लोह नीट शोषत नाही.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. पहिल्या आठवड्यात पोट इतकं दुखलं की मी रडले. डॉक्टरांनी एक दिवसाआड करून दिली, तशीही ती चांगली शोषली जाते म्हणाले. शौच काळी होते, घाबरायचं नाही. चहा जेवणापासून दोन तास लांब. ते सगळ्यात कठीण गेलं, कारण आमच्याकडे चहाशिवाय पोळी घशाखाली उतरत नाही. आईने सकाळी नाचणीची भाकरी आणि मटकीची उसळ सुरू केली, वर लिंबू पिळून.

तीन आठवड्यांत तांदळाचा डबा आठवेनासा झाला. पायांतली ताकद मात्र लगेच आली नाही. सहा आठवडे फक्त हळू पळायचं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.७, फेरिटिन २८. मला वाटलं, संपलं. पण साठा भरेपर्यंत आणखी तीन महिने गोळ्या घ्यायला लावल्या.

परवा ११:५२ आली. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. आईने ती कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.